हाडांच्या वॉर्डातली दाराजवळची खाट

मित्रांनो, लांबून टकामका बघू नका. मी चावत नाही. खाट आहे मी, लोखंडाची, जुनी, कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात दाराला लागून उभी असलेली. रंग माझा जागोजाग उडालाय, एक चाक कुरकुरतं, आणि हल्ली माझ्यावर पेशंट झोपवत नाहीत. तरी वॉर्डातली आया अंबूबाई रोज सकाळी माझ्यावर धुतलेली चादर घालते, चारी कोपरे नीट दुमडते आणि पटकन मागं सरते. बाकीच्या खाटांवर ती खुशाल बूड टेकून चहा पिते. माझ्यावर नाही. कुणी नवीन माणूस पिशवी ठेवायला आला, तर त्याच्या अंगावर ओरडते. त्याचं कारण तुम्हाला सांगायचंय. घाबरट असाल तर आत्ताच जा.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडात झाला. पाइप कापले, वाकवले, वेल्डिंगच्या ठिणग्यांत मला जोडली. साध्या खाटांना चार पाय असले की झालं. मला डोक्यावर मांडव आहे आणि पायथ्याला कप्पी. त्या कप्पीवरून दोरी जाते आणि दोरीला वजनं लोंबतात. मांडीचं हाड मोडलं की त्याची दोन टोकं एकमेकांवर चढून बसतात, भांडखोर जावांसारखी. त्यांना ओढून आपापल्या जागी ठेवायला ती वजनं लागतात. वजनाच्या चकत्या शेजारच्याच फौंड्रीत ओतलेल्या. म्हणजे ती माझी भावंडंच. आताच्या बटणाच्या खाटा ऐकते मी. बटण दाबलं की डोकं वर, बटण दाबलं की पाय वर. लाईट गेली की सगळा नखरा बंद.

मला डोळे नाहीत. मला वजन कळतं. माणूस माझ्यावर टेकला की तो किती भ्यालाय, कुठल्या अंगाला दुखतंय, घरचं कुणी सोबत आलंय की नाही, हे मला पत्र्यातनं समजतं. उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेले गडी मी झेलले. जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालात घसरलेले झेलले. पन्हाळ्याच्या वळणावर मोटारसायकल उडवून, वर माझ्यावर पडून मित्रांना फोनवर बढाया मारणारेही झेलले. तेव्हा माणसं वॉर्डात मुक्कामालाच यायची. नातेवाईक खाटेखाली चटई टाकून झोपायचे, शेजारच्याच्या डब्यातली भाजी कशी झाली ते सांगायचे, भांडायचे, सोयरिकी जुळवायचे. गडहिंग्लजकडचं कुणी आलं की अर्धं मराठीत कण्हायचं आणि अर्धं कानडीत. मला शाळेत कुणी घातलं नाही, पण ऐकून ऐकून दोन्ही भाषा आल्या. थोरले डॉक्टर राउंडला आले की माझ्या मांडवावर थाप मारून म्हणायचे, की ही खाट चांगल्या हाताची आहे, हिच्यावरनं माणूस चालत जातो. खोटं कशाला बोलू, तेवढं ऐकलं की माझं लोखंड ताठ व्हायचं.

मग लॉकडाऊन आला.

रस्ते थांबले आणि रस्त्यावर मोडणारी हाडंही थांबली. आधी मला बरंच वाटलं. मग वॉर्ड रिकामा करायला लागले. ज्यांचं प्लास्टर अजून ओलं होतं त्यांनासुद्धा जीपमध्ये घालून घरी पाठवलं. निम्म्या खाटा कोरोनाच्या इमारतीत ढकलत नेल्या. त्यांच्या चाकांचे ओरखडे तेवढे फरशीवर राहिले. उरलो आम्ही मांडववाल्या थोड्या, दोऱ्या लोंबत ठेवून.

मित्रांनो, रिकामी शाळा तुम्ही बघितली असेल. रिकामा वॉर्ड त्याहून वाईट. भर दुपारी बाहेर रिक्षाचा आवाज नाही, भाजीवाल्याची हाळी नाही. आणि त्या शांततेत, वारा नसताना, पलीकडच्या खाटेची दोरी हलायची. कप्पी बारीक किरकिरायची, कुणीतरी हळूच वजन चढवतंय तशी. मी मनाशी म्हणायची, लोखंड आहे, उन्हानं फुगतं. पण आमच्या वॉर्डात ऊन येतच नाही.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला लागली. माणसं रस्त्यावर नव्हती, पण घरात तर होती. न्हाणी तशीच निसरडी, माळ्याची शिडी तशीच डुगडुगती. घरातली हाडं मोडत असणारच. मग ती माणसं होती कुठं? एकही येत नव्हतं. आणि तरी रोज दुपारी मला दारातल्या फरशीवर पाय वाजल्यासारखे वाटायचे. उंबऱ्यापर्यंत यायचे आणि थांबायचे. आत कुणी यायचं नाही.

अशा दिवसांत माझ्यावर रत्नव्वा आली.

रत्नव्वा गडहिंग्लजची. घरचा मिरचीचा व्यापार, आणि नवरा गेल्यावर तो तिनंच सांभाळलेला. पाटावरनं उठताना तोल जाऊन पडली आणि खुब्यात हाड मोडलं. मुलगा सोमशेखर पोलिसांचा पास काढून तिला घेऊन आला. सोबतीला कुणाला थांबू दिलं नाही, म्हणून तोही त्याच जीपनं परत गेला. तिनं पाठ टेकली तेव्हाच मला कळलं, ही बाई भ्यालेली नाही, चिडलेली आहे. ऑपरेशनशिवाय ती उठणार नव्हती. पण ऑपरेशनची माणसं कोरोनाकडं गुंतलेली, घशाचा रिपोर्ट यायचा बाकी. तोवर पायाला वजन लावून पडून राहायचं, असं विश्वजित डॉक्टरांनी सांगितलं. तरुण डॉक्टर, तोंडावर दोन-दोन मास्क. ती त्यांना म्हणाली, आधी तोंड दाखवा, मग पायाला हात लावा. त्यांनी लांब उभं राहून मास्क खाली घेतला तेव्हा कुठं तिनं पाय पुढं केला.

 अंबूबाईचं आणि रत्नव्वाचं पहिल्या दिवसापासून जुंपलं. चहात साखर कमी, चादरीला वास, पंखा उगाच चालू. मला मनापासून बरं वाटलं. इतक्या दिवसांनी वॉर्डात माणसाचा आवाज होता.

आणि मग एका दुपारी रत्नव्वा भांडताभांडता थांबली. मान दाराकडं वळवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बा." थोड्या वेळानं पुन्हा, हात उचलून बोटं आत वळवत, "बा... बा."

अंबूबाईच्या हातातलं फडकं थांबलं. तिनं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्याही. अंबूबाईनं विचारलं तर म्हातारी फणकारली.

"दारात उभं हाय ते दिसत न्हाय व्हय तुला? आत घे म्हणायची रीत न्हाय का तुमच्याकडं?"

 आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं बापाला बा म्हणतात. एवढ्या वयाची, अंथरुणाला खिळलेली बाई दाराकडं बघून बा, बा करायला लागली की माणसं काय समजतात? न्यायला आला, असंच समजतात. अंबूबाई थेट डॉक्टरांकडं गेली आणि सांगितलं की म्हातारीला तिचा बा दिसाय लागलाय, आता काय खरं न्हाय. डॉक्टर शिकलेले. त्यांनी सोमशेखरला फोन लावला तेव्हा अंबूबाईचा शब्द जसाच्या तसा सांगितला नाही. चांगल्या भाषेत सांगितला. म्हणाले, आजी त्यांच्या वडिलांना हाका मारत आहेत, त्यांना भ्रम होतो आहे, ऑपरेशन कधी होईल ते मी सांगू शकत नाही, घरी न्यायचं तर विचार करा.

तिथंच घोटाळा झाला. त्यांनी नुसतं बा म्हटलं असतं तर सोमशेखरला कळलं असतं. कानडीत बा म्हणजे ये. साधं, घरातलं, लहान माणसाला म्हणायचं ये. थोराला बर्री म्हणतात. आणि गडहिंग्लजच्या त्या घरात बापाला अप्पा म्हणतात, बा कुणी म्हणत नाही. पण सोमशेखरच्या कानावर पडले ते वडील. त्यानं धरूनच चाललं, आई आता वाचत नाही.

मला सगळं कळत होतं. पण खाटेला तोंड नसतं, मित्रांनो. मी आपली कुरकुरले. अंबूबाईनं चाकाला तेल घातलं.

आणि खरं सांगू? माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. रत्नव्वा कुणाला तरी ये म्हणत होती. बापाला नव्हे, आपल्याहून लहान कुणाला. म्हणजे दाराशी थांबणारे ते पाय तिलाही ठाऊक होते.

घरी न्यायचं ठरलं. सोमशेखरचं मन होईना, म्हणून त्याची बायको दानेश्वरी जीप घेऊन आली. पांढरीशुभ्र चादर आणि विभूतीची पुडी सोबत. जंगमस्वामींना निरोप गेला होता, लिंगायतांत पुरतात म्हणून शेतात जागासुद्धा खणून ठेवली होती. आपली माती आपल्या गावात व्हावी, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यात त्यांचं काय चुकलं? पण वजन काढून त्या खड्ड्याखड्ड्याच्या रस्त्यानं नेलं असतं, तर हाड जुळायचं कायमचं राहिलं असतं. पडून पडून पाठ फुटली असती आणि ती खरंच गेली असती. म्हातारी मरायला निघाली नव्हती. तिला मरायला नेत होते.

दारापाशी स्ट्रेचर आलं. अंबूबाईनं माझ्या पायथ्याची वजनं एकेक करून काढली आणि फरशीवर ठेवली. दोरी सैल झाली, तसं माझ्या पत्र्यावर म्हातारीचं सगळं अंग आखडलं. पण ती कण्हली नाही. तिनं दाराकडं मान वळवली.

"बा," ती म्हणाली. "बा इल्ली. अंजबेड."

दानेश्वरी विभूतीची पुडी सोडत होती. तिचा हात तिथंच राहिला. ती खाली वाकली आणि सासूच्या कानाशी जाऊन विचारलं, "अत्ती, यार्न करियाकत्तीरी?" सासूबाई, कुणाला बोलावताय, असं ती विचारत होती.

म्हातारी तिच्यावर वैतागली. मराठीतच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुला बी दिसत न्हाय व्हय? ती पोरगी की. रोज येती, दारात उभी ऱ्हाती. हात मोडलाय तिचा. इकडं ये, भिऊ नको म्हणालोय तिला, तर आत येत न्हाय."

दानेश्वरी ताठ उभी राहिली आणि अंबूबाईकडं वळली.

"ह्याला बा ला हाका मारणं म्हणता तुम्ही? आमच्यात बा म्हंजे ये. शुद्धीवर हाय ही. तुमच्यामाझ्यापेक्षा जास्ती शुद्धीवर हाय."

डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी म्हातारीला वार विचारला, गाव विचारलं, मिरचीचा भाव विचारला. भाव तिनं लॉकडाऊनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही सांगितले. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं वजनं परत चढवली. तेवढ्यात सोमशेखरचा फोन आला. निघालात का, स्वामी येऊन बसलेत, जागा खणून झालीय, असं तो विचारत होता. दानेश्वरी त्याला म्हणाली, "जागा बुजवा. न्हायतर नारळाचं रोप लावा तिथं. आई येत न्हाईत एवढ्यात." आणि फोन ठेवला. स्ट्रेचर आलं तसं रिकामं गेलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अंबूबाई अजून तिथंच उभी होती. तिचा चेहरा मला दिसत नाही, पण तिनं माझी दांडी घट्ट धरली होती. तिनं म्हातारीला विचारलं, हात कशात बांधलाय त्या पोरीचा.

कामट्यांत, रत्नव्वा म्हणाली. वरनं पिवळा टॉवेल गुंडाळलाय. बोटं काळी पडल्यात.

अंबूबाई मटकन खाली बसली. तिच्या गल्लीतली तरणी शालूबाई पाण्याची घागर घेऊन जिन्यावरनं पडली होती. दवाखान्यात नेलं तर नाकात काडी घालतील, कोरोना हाय म्हणून ठेवून घेतील, परत तोंड दिसायचं न्हाय, अशी सगळ्या गल्लीला धास्ती. घरच्यांनी हाताला बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या, वर पिवळा टॉवेल गुंडाळला आणि तिला आतल्या खोलीत बसवलं. शेजारपाजाऱ्यांना सांगितलं, माहेरी गेलीय. अंबूबाईला तेवढं ठाऊक होतं, कारण ती चोरून हळदीचं दूध नेऊन द्यायची. "पण ती घरात हाय," अंबूबाई म्हणत राहिली. "सकाळी बघून आलोय मी तिला. ती हितं कशी यील?"

दानेश्वरीनं तिला उठवलं आणि जीपमध्ये बसवलं. त्याच जीपनं शालूबाईला घेऊन या, असं सांगून पाठवलं. आम्ही वाट बघत राहिलो. डॉक्टर दाराशी उभे राहिले. मोकळं स्ट्रेचर परत आणून ठेवलं.

दिवेलागणीला अंबूबाई एकटीच आली. कामट्या इतक्या घट्ट होत्या की हातातलं रक्तच थांबलं होतं, आणि सडलेल्या हाताचं विष अंगभर चढलं होतं. शालूबाई गेली होती. भर दुपारीच, रत्नव्वा तिला आत बोलावत होती त्याच सुमाराला.

त्या दिवसापासून रत्नव्वा आणि अंबूबाई भांडल्या नाहीत. तेच मला सगळ्यात भीतीदायक वाटलं.

पुढं रिपोर्ट आला, डॉक्टरांनी माणसं गोळा केली आणि रत्नव्वाचं ऑपरेशन झालं. खुब्यात सळई बसली. पूर्वीसारखं जुळेपर्यंत ठेवायची पद्धत आता राहिली नव्हती. जखम कोरडी दिसली की घरी, एवढंच. दानेश्वरीनं रीतसर शिकून घेतलं, कुशीवर कसं वळवायचं, पायाखाली उशी कशी द्यायची, रोज किती चालवायचं. मग एका सकाळी रत्नव्वा वॉकरला धरून माझ्यावरनं उठली. तिचं वजन माझ्यावरनं गेलं आणि फरशीवर तिच्या दोन्ही पायांचं वजन वाजलं, हळू, पण दोन्ही पायांचं. अंबूबाईनं तेवढ्यात माझ्यावर कोरी चादर घातली.

म्हातारी दारापाशी पोचली आणि थांबली. मग वॉकर एका अंगाला घेऊन ती चौकटीला चिकटून उभी राहिली, पदर आवरून. अरुंद दारात समोरून कुणी आलं की आपण वाट देतो ना, तशी. दानेश्वरीनं विचारलं, चक्कर आली का. रत्नव्वानं समोरचं माणूस जाऊ दिलं आणि मग बाहेर पडली.

फरशीवर पाय वाजले. ह्या वेळेला उंबऱ्याशी थांबले नाहीत. आणि मित्रांनो, माझ्यावर कुणीतरी बसलं.

वजन नव्हतं. मला वजन कळतं म्हणून सांगते, गुंजभर वजन नव्हतं. पण पत्रा दबला. कोऱ्या चादरीवर कडेला वळी पडली, भीत भीत बसणारं माणूस टोकावर बसतं तशी. आणि वरच्या मांडवाला एक हात अडकवायची झोळी असते, ती आपोआप ताणली गेली. अंबूबाईनं ते बघितलं. तिनं चादर ओढून सारखी केली नाही. जवळ आली, लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "बस शालू. डॉक्टर यील."

त्याला आता वर्षं झाली. बाहेर पुन्हा गाड्या उडतात, माणसं पुन्हा पडतात, बटणाच्या खाटा भरलेल्या असतात. वाकडी जुळलेली हाडं घेऊन कितीतरी जणी नंतर आल्या. कुणाचं मनगट फिरत नाही, कुणाला भाकरी थापता येत नाही. सगळ्यांचं उत्तर एकच, तेव्हा भ्यालो होतो. मला भंगारात काढायचं दोनदा ठरलं. दोन्ही वेळेला अंबूबाई आडवी पडली.

तर मित्रांनो, आता माझं ऐका. मला रंग द्या म्हणून मी मागत नाही. तुमच्या घरात कुणी पडलं, आणि आतल्या खोलीत हात पोटाशी धरून बसलं असेल, काही न्हाय झालं, उगाच मुरगळलाय, असं म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बोटांचा रंग बघा. भीती वाटली तरी घेऊन या, जिवंत असताना घेऊन या, त्याच्या स्वतःच्या वजनानं माझ्यावर बसू दे. नंतर आलेल्याला डॉक्टर काहीच करू शकत नाहीत. रोज राउंडला येतात, माझ्यापाशी थांबतात, रिकामी चादर बघतात आणि पुढं जातात. आणि ती बसून राहते.